निसर्गोपचाराला जावं की नाही?

शिर्डीला रोज दूरदूरहून माणसं येतात. कुणी नवस फेडायला येतो, कुणी नुसत्या दर्शनाला. बऱ्याच जणांच्या घरी दुखणं असतं. ती माणसं समाधीपुढे हात जोडतात, उदी घेतात आणि मग संस्थानच्या रुग्णालयात जाऊन केसपेपर काढतात. उदी कपाळाला लावली म्हणून डॉक्टरची गोळी टाकून द्यावी, असं त्यांना वाटत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालतात.

निसर्गोपचाराचं मात्र तसं नसतं. तिथं काही ठिकाणी पहिल्याच दिवशी सांगतात, "आधी सगळी औषधं बंद करा." इथंच माणूस अडतो. शेजारी सांगतो, माझं वजन उतरलं, गुडघे मोकळे झाले. घरचे म्हणतात, नको ते खूळ. खरं कुणाचं धरायचं? आम्हांला वाटतं, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. कुठपर्यंत खरं आहे, ते आपण नीट पाहू.

निसर्गोपचार म्हणजे औषधाशिवाय उपचार. माती, पाणी, ऊन, हवा आणि उपवास ही त्याची साधनं. पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवतात. टबात बेंबीपर्यंत पाणी घेऊन रोग्याला बसवतात आणि पाय बाहेर ठेवतात. त्याला कटिस्नान म्हणतात. वाफ देतात, अंग चोळतात, पोट साफ होण्यासाठी एनिमा देतात. काही दिवस फळांचा रस, ताक किंवा उकडलेल्या भाज्या, एवढंच खायला असतं. सकाळ-संध्याकाळ चालणं आणि योगासनं असतात. यातलं बरंचसं आपल्याला नवं नाही. ताप आला की कपाळावर ओली घडी ठेवणारी आजी घरोघर होतीच.

पण या उपचाराचं शास्त्र म्हणून जे सांगतात, ते पुष्कळसं जर्मनीतून आलं. तिथं लाइपझिग शहरात लुई कुने नावाचा माणूस होता. तो म्हणे, सगळ्या रोगांचं मूळ एकच. शरीरात नको ती घाण साचते, तीच रोग होऊन बाहेर पडते. म्हणून उपायही एकच. पाण्यात बसा, साधं खा, घाण जाऊ द्या. ऐकायला हे फार सोपं वाटतं. पण त्याच जर्मनीत १८८२ साली रॉबर्ट कॉक या डॉक्टरानं क्षयाचा जंतू शोधून काढला. क्षय होतो तो त्या जंतूमुळे. हिवताप डासामुळे पसरतो आणि पटकी दूषित पाण्यामुळे होते. म्हणजे सगळ्या रोगांचं मूळ एक नाही. शेतात पिकाला पाणी कमी पडलं तरी पान पिवळं पडतं, मुळाला हुमणी लागली तरी पिवळंच पडतं. दोन्हीला नुसतं पाणीच देत बसलो तर हुमणीचं पीक हातचं जाईल.

कुनेचं पुस्तक गांधीजींनी वाचलं होतं. त्यांची निसर्गोपचारावर मोठी श्रद्धा होती. १९०२ च्या सुमाराला ते मुंबईत राहत होते. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वरानं आजारी पडला. ताप १०४ पर्यंत चढला. डॉक्टर म्हणाले, पोराला अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्या. गांधीजींना ते पटेना. त्यांनी कटिस्नान दिलं, पाणी घातलेला संत्र्याचा रस दिला. ताप हटेना, तेव्हा मुलाला ओल्या चादरीत गुंडाळून वर घोंगड्या घातल्या. मनातून ते फार घाबरले होते. मुलाला घाम फुटला आणि ताप उतरला. पुढं चाळीस दिवस दूध-पाणी आणि फळांचा रस यांवर ठेवून मुलगा बरा झाला.

या गोष्टीबद्दल गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे. आम्हांला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. मुलगा पाण्यानं बरा झाला असा दावा ते करत नाहीत. देवाच्या कृपेनं झाला, पाण्यानं झाला की पथ्यानं आणि सेवेनं झाला, हे कोण सांगणार, असं ते म्हणतात. पुष्कळ रोग आपोआपही बरे होतात. रोगी बरा झाला की शेवटी जे दिलं त्याला मान मिळतो. आणि त्या काळी विषमज्वरावर नेमकं औषधच नव्हतं. आज ते आहे. तेव्हा १९०२ सालचा हा दाखला देऊन आज विषमज्वराच्या पोराला नुसत्या ओल्या चादरीत गुंडाळू नये.

दुसरी गोष्ट १९२४ सालची. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. पोटात कळा येऊ लागल्या. अपेंडिक्सचं दुखणं निघालं. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज डॉक्टरानं शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली. अखेर कंदिलाच्या उजेडात काम पुरं केलं. गांधीजी वाचले आणि पुढं चोवीस वर्षं जगले. माती-पाण्यावर इतका विश्वास असलेला माणूस, पण त्या रात्री त्यांनी पोटावर मातीची पट्टी ठेवून वाट पाहिली नाही. सही केली आणि टेबलावर आडवे झाले.

तरीही निसर्गोपचार त्यांनी सोडला नाही. मार्च १९४६ मध्ये ते पुण्याजवळ उरुळी कांचनला येऊन आठवडाभर राहिले. शहरातल्या श्रीमंतांऐवजी खेड्यातल्या गरिबाला हा उपचार मिळावा, ही त्यांची इच्छा होती. त्यातूनच तिथला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. मणिभाई देसाई या तरुणानं तिथं राहून तो वाढवला. आश्रम आजही चालू आहे. पुण्यात स्टेशनाजवळ डॉक्टर दिनशा मेहता यांचं निसर्गोपचाराचं केंद्र होतं. गांधीजी तिथंही राहिले होते. त्या जागी आज सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे.

अशा ठिकाणी जाऊन आलेली माणसं म्हणतात, बरं वाटलं. त्यात खोटं काही नाही. बघा ना, दहा दिवस तंबाखू नाही, दारू नाही, वडापाव नाही. चहाही नाही. रात्री लवकर झोप, पहाटे उठून चालणं. मीठ कमी, तेल कमी. घरची कटकट नाही. मग वजन उतरतं, पोट साफ होतं, झोप लागते. वजन आणि मीठ कमी झालं की रक्तदाबही थोडा खाली येतो. गुडघ्यावरचा भार हलका होतो. ज्याचं दुखणं बसून खाण्यातून आणि व्यसनातून आलेलं आहे, त्याला याचा उपयोग होतो. तंबाखू सोडायला आणि चालायला आश्रमच पाहिजे असं नाही, हेही खरं. पण घरी जमत नाही म्हणून तर माणसं पैसे भरून जातात!

आता अडचणीची बाजू. समजा, घरातल्या सासूबाईंना साखरेचा आजार आहे. त्या रोज गोळी घेतात. त्यांना कुणी सांगितलं, आठ दिवस उपवास करा. गोळी चालू ठेवून उपवास केला तर रक्तातली साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात कापतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा गूळ खायला द्यावा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, दवाखान्यात न्यावं. बरं, गोळी बंद केली आणि फळांचा रस पाजला, तर साखर वर चढते, कारण रस गोडच असतो. लहान वयात हा आजार होऊन जे इन्सुलिनची सुई घेतात, त्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. त्यांनी सुई बंद केली तर थोड्याच दिवसांत जिवावर बेतते. म्हणून आम्ही इथं एकदा ठासून सांगतो. चालू औषध बंद करायचं असेल, कमी करायचं असेल, तर ते ज्या डॉक्टरानं सुरू केलं त्याला विचारून. वजन उतरल्यावर सासूबाईंची गोळी खरंच कमी होऊ शकते. पण ती रक्त तपासून कमी करायची असते, कुणाच्या सांगण्यावरून नाही.

मूत्रपिंडाचा आजार असेल त्यानं फळांचे रस आणि शहाळ्याचं पाणी यांपासून जपून राहावं. त्यातला एक क्षार अंगात साचला तर हृदय बंद पडू शकतं. हृदयरोग्याला वाफेची पेटी सोसेलच असं नाही. गरोदर बाईनं उपवास करू नये. जुलाब होणाऱ्या लेकराला उपाशी ठेवू नये. त्याला जलसंजीवनी पाजावी आणि दवाखान्यात न्यावं.

काही दुखण्यांना तर निसर्गोपचाराचा विचारच करायचा नाही. साप चावला, कुत्रं चावलं, छातीत कळ आली, एका बाजूचं अंग लुळं पडलं, पोटात असह्य दुखू लागलं, तर १०८ नंबरला फोन करा. गाडी फुकट येते. कुत्रं चावल्यावर जखम साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. तो रोग एकदा उठला की माणूस वाचत नाही. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. ते सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायचं. मध्येच सोडलं तर जंतू चिवट होतो आणि पुढं साध्या औषधाला दाद देत नाही. अंगात गाठ झाली असेल तर आधी तपासणी करा. दोन-तीन महिने माती लावण्यात गेले, तर बरी होणारी गाठ हाताबाहेर जाते.

मग जायचं ठरलं तर कुणाकडे जायचं? निसर्गोपचार आणि योग यांची एक पदवी आहे. बी. एन. वाय. एस. म्हणतात तिला. तिला साडेपाच वर्षं लागतात. शरीराची रचना, रोग, तपासण्या हे सगळं त्यात शिकवतात. पण थोड्या महिन्यांत घरबसल्या दाखला मिळवूनही कुणी कुणी दाराला पाटी लावतो. २०२० साली केंद्रानं आयुर्वेद, युनानी वगैरे पद्धतींसाठी आयोगाचा कायदा केला, त्यात निसर्गोपचार धरलेला नाही. म्हणून पाटीवर डॉक्टर लिहिलंय एवढ्यावर भागत नाही. "साहेब, आपण कुठं शिकलात?" असं विचारावं. विचारण्यात अपमान नाही. बैल घेताना दात बघतोच की आपण!

आणि रस्त्याकडेच्या पाट्या. मधुमेह कायमचा बरा, कर्करोगावर खात्रीचा इलाज. १९५४ साली देशात कायदा झाला. मधुमेह, कर्करोग, फेफरं, पक्षाघात अशा रोगांवर आमचं औषध गुण देतं अशी जाहिरात करायला त्यानं बंदी केली आहे. तेव्हा अशी पाटी लावणारा माणूस पाटीतच कायदा मोडतो. त्याच्या औषधाची परीक्षा मग वेगळी करायला नको.

शिर्डीच्या आसपासच्या माणसानं आधी जवळच तपासून घ्यावं. गावात संस्थानची रुग्णालयं आहेत, लोणीला प्रवरेचं मोठं रुग्णालय आहे. रक्त, लघवी, रक्तदाब तपासून आजाराचं नाव काय ते कागदावर लिहून घ्यावं. डॉक्टरांना सरळ विचारावं, "मी निसर्गोपचाराला गेलो तर चालेल का? कोणती गोळी चुकवायची नाही?" कुणी डॉक्टर हसेल, कुणी चिडेलही, पण उत्तर घेतल्याशिवाय उठू नये. उरुळीला जायचं तर रेल्वेनं दौंडपर्यंत जाता येतं. तिथून पुण्याच्या वाटेवर उरुळी स्टेशन आहे. निघण्याआधी जागा आहे का, खर्च किती, किती दिवस राहावं लागेल, हे विचारून घ्या. पिशवीत दोन कपडे कमी घेतले तरी चालेल, पण चालू गोळ्या आणि तपासणीचे कागद घ्या. तिथल्या माणसानं ते कागद मागितले नाहीत, तर आपण होऊन त्याच्यापुढं ठेवा. आणि त्यानं ते न वाचताच बाजूला सारले, तर दुपारच्या गाडीनं परत या.