रुग्णनोंदींची फितीवरील प्रत

देणगीतून आलेली खाट, क्ष-किरण यंत्र किंवा रुग्णवाहिका सर्वांच्या दृष्टीस पडते. संगणक कक्षातील टेप ड्राइव्ह मात्र पाहुण्यांना कोणी आवर्जून दाखवीत नाही. हे उपकरण कशासाठी असते, हे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या नातेवाइकांना कळावे म्हणून हा लेखप्रपंच.

आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षे जपाव्यात आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्याव्यात, असे २००२ चे वैद्यकीय आचारविषयक विनियम सांगतात. रुग्ण पुढील उपचारांसाठी नागपूरला हलविला जातो, तेव्हा याच नोंदींची निकड भासते. त्या संगणकावर गेल्या की कागदाला लागणारी वाळवी टळते. परंतु एका डिस्कच्या बिघाडाने सारेच जाण्याचे भय निर्माण होते.

यावर सर्व्हरमध्ये दुसरी हार्ड डिस्क जोडण्याचा उपाय सुचविला जातो. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लेखन होत असल्याने चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून एकदमच पुसली जाते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले. तसे पाणी तळमजल्यावरील खोलीत आले तर शेजारी ठेवलेल्या दोन डिस्कमध्ये ते भेदभाव करणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे नोंदणीचे काम हाताने करावे लागले. तेथील माहिती परत मिळाली, ती हल्ल्यातून बचावलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या फितीपर्यंत तर कोणताही विषाणू पोहोचू शकत नाही.

आज प्रचलित असलेली फीत एलटीओ प्रकारची आहे. २००० साली तिच्या पहिल्या पिढीत १०० गीगाबाइट मावत. २०२१ मधील नवव्या पिढीच्या तळहाताएवढ्या डबीत एक किलोमीटरहून लांब फीत असते व तिच्यावर १८ टेराबाइट मावतात. लिनक्स प्रणालीला ही व्यवस्था परकी नाही. तिच्यातील ‘टार’ ही आज्ञाच मुळी ‘टेप आर्काइव्ह’ या शब्दांवरून आली. दिवसाचे काम आटोपल्यावर प्रथम डेटाबेसची स्वतंत्र प्रत काढावी. चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलल्या तर अर्धवट नोंदी हाती लागतात. मग ‘टार’ने ती प्रत फितीवर उतरवावी.

येथे एक बारकावा आहे. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावे असतात : ‘एसटी-शून्य’ आणि ‘एनएसटी-शून्य’. पहिल्या नावाने लिहिले तर काम संपताच फीत आपोआप आरंभाशी गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने लिहिले तर ती आहे तेथेच थांबते. सोमवारची प्रत पहिल्या नावाने लिहिली आणि मंगळवारी तीच फीत वापरली, तर मंगळवारची प्रत सोमवारच्या प्रतीवरच बसते. नवी प्रत आकाराने लहान असली तरी तिच्यापुढे उरलेले जुने लेखन ड्राइव्ह वाचू देत नाही. संगणक याबद्दल चकार शब्द काढीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने आज्ञा यथासांग पार पडलेली असते. म्हणून एका फितीवर अनेक दिवसांच्या प्रती ठेवायच्या असतील, तर दुसरे नाव वापरून ‘एमटी’ या आज्ञेने फीत शेवटच्या प्रतीपुढे न्यावी. लहान रुग्णालयाने प्रत्येक वाराला वेगळी फीत ठेवावी, हे आम्हांस अधिक बरे वाटते. रात्रपाळीच्या माणसाला वार चटकन कळतो.

लिहिलेली प्रत वाचून पाहिल्याखेरीज ती प्रत मानू नये. महिन्यातून एकदा कोणतीही एक फीत काढून तिच्यावरील नोंदी वेगळ्या संगणकावर उतरवाव्यात आणि किती वेळ लागला ते वहीत लिहावे.

आठवड्याची एक फीत इमारतीबाहेर, शक्यतो वैनगंगेच्या काठापासून दूर, साकोलीसारख्या गावी असावी. आपल्याकडील मे महिन्याचा उन्हाळा फितीला मानवत नाही; दीर्घकाळासाठी ती २५ अंशांखालील कोरड्या जागी ठेवावी लागते. बाहेर जाणाऱ्या फितीवरील मजकूर सांकेतिक लिपीत असणे अनिवार्य मानावे, कारण त्यात रुग्णांचे आजार आहेत. एलटीओच्या चौथ्या पिढीपासून अशी सोय ड्राइव्हमध्येच मिळते. मात्र तिची किल्ली हरवली तर फीत आपल्यालाही निरुपयोगी ठरते. ती दोघा जबाबदार व्यक्तींकडे मोहोरबंद असावी.

खर्चाविषयी स्पष्ट बोलावयाचे तर फीत स्वस्त असून ड्राइव्ह महाग आहे. शिवाय प्रत्येक ड्राइव्ह सर्व जुन्या फिती वाचत नाही : आठव्या पिढीचा ड्राइव्ह सातव्या पिढीची फीत वाचतो, सहाव्या पिढीची नाही. त्यामुळे नव्या ड्राइव्हच्या प्रस्तावासोबत जुन्या फिती नव्यावर उतरविण्याचा खर्चही विश्वस्त मंडळापुढे मांडला जावा.