शेतात टॉवर येतोय? जमीन तुमचीच राहते, पण कागद आधी हातात घ्या

रब्बी निघाली, रान मोकळं झालं की शिवारात अनोळखी गाडी येते. माणसं उतरतात, फीत धरतात, खुंट ठोकतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "सरकारी काम आहे, अडवलं तर केस होईल." शेतकरी एक तर घाबरून गप्प बसतो, नाहीतर काठी घेऊन उभा राहतो. दोन्हीत नुकसान आपलंच होतं. कायदा नेमका काय सांगतो ते समजून घेऊ.

जमीन जाते का?

रस्ता किंवा धरणासाठी भूसंपादन झालं की सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. विजेच्या टॉवरचं तसं नाही. भारतीय तार अधिनियम १८८५ च्या कलम १० प्रमाणे कंपनीला फक्त जमीन वापरण्याचा हक्क मिळतो. मालकी तुमचीच राहते. म्हणून २०१३ चा भूसंपादन कायदा इथं लागू होत नाही. "टॉवरचे चारपट मिळणार" असं गावात कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नका. पण त्याच कलमात असंही आहे की कंपनीनं नुकसान होता होईल तेवढं कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. ही भरपाई जमिनीत हितसंबंध असलेल्या सगळ्यांना आहे. म्हणजे वाट्यानं कसणाऱ्याचं पीक गेलं तर त्यालाही दावा सांगता येतो.

नाही म्हणता येतं का?

इथं पहिला प्रश्न विचारायचा, "कलम १६४ चा आदेश आहे का? प्रत दाखवा." वीज कायदा २००३ च्या या कलमाखाली सरकार लेखी आदेशानं पारेषण कंपनीला तार अधिनियमाचे अधिकार देतं. तो आदेश असेल तर मालकाची संमती लागत नाही. पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या प्रकरणात डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. तरीही अडवणूक झाली तर कंपनी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि ते कलम १६ खाली काम करू देण्याचा आदेश काढू शकतात. त्यानंतर अडवलं तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

आदेश नसेल तर गोष्ट वेगळी. २००६ च्या नियमांप्रमाणे मालकाची संमती लागते. मालकानं हरकत घेतली तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणल्याशिवाय काम करता येत नाही. गावातल्या ११ केव्हीच्या साध्या खांबासाठीही हे लक्षात ठेवा.

पैसे किती?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं १५ ऑक्टोबर २०१५ ला ६६ केव्ही आणि वरच्या लाइनसाठी सूचना काढल्या. टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. १४ जून २०२४ ला नव्या सूचना आल्या. त्यात पायाच्या जागेला २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ग्रामीण भागात ३० टक्के धरलेत. चार पायांमधली जागा आणि चहूबाजूंनी एक मीटर जास्त, एवढी पायाची जागा मोजायची. पीक आणि झाडांची भरपाई यापेक्षा वेगळी.

केंद्राच्या सूचना राज्यांनी स्वीकारायच्या असतात. म्हणून तुमच्या लाइनला कोणता शासन निर्णय लावलाय, त्याचा क्रमांक आणि तारीख लेखी मागा.

फरक किती पडतो ते उदाहरणावरून बघा. समजा दर गुंठ्याला २५ हजार आहे. २२० केव्हीच्या लाइनचा पट्टा ३५ मीटर रुंद असतो. तुमच्या रानातून ती १०० मीटर गेली तर ३,५०० चौरस मीटर, म्हणजे साडेचौतीस गुंठ्यांच्या आसपास जागा तारांखाली येते. १५ टक्क्यांनी त्याचे सुमारे १ लाख ३० हजार होतात, ३० टक्क्यांनी सुमारे २ लाख ६० हजार. बरेच जण टॉवरच्या पायाचे पैसे घेतात आणि पट्ट्याचं विचारतच नाहीत. ज्याच्या रानात टॉवर नाही, नुसत्या तारा गेल्यात, त्यालाही पट्ट्याचा मोबदला मागता येतो.

गॅस किंवा तेलाची पाइपलाइन असेल तर

त्याला १९६२ चा वेगळा कायदा आहे. इथंही मालकी जात नाही, वापर हक्क जातो. कलम ३ ची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत देता येते. ही मुदत चुकवू नका. अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम आणि पीक, झाडं वगैरेंचं नुकसान वेगळं, असा हिशोब आहे. लाइन पुरल्यावर वरून पीक घेता येतं. पण त्या पट्ट्यात घर, विहीर, तळं करता येत नाही आणि झाड लावता येत नाही. दहा टक्के घेताना हे कायमचं बंधनही डोक्यात धरा.

कमी पैसे दिले तर?

टॉवरची भरपाई कमी वाटली तर कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. पाइपलाइनच्या वादालाही जिल्हा न्यायाधीशच आहेत. टॉवरच्या अर्जाला तीन वर्षांची मुदत लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्येच केरळच्या वीज मंडळाच्या एका खटल्यात ठरवलं. "बघू पुढच्या साली" म्हणत बसलो तर हक्क जातो. २००७ च्या लिविशा प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की भरपाई ठरवताना जमीन कुठं आहे, लाइन कडेनं गेली की मधून, तुकडा लहान आहे का, हे सगळं बघावं लागतं. म्हणजे सगळ्यांना सरसकट एकच आकडा, हे शेवटचं उत्तर नाही.

भाऊबंदकीत हिश्शावरून वाद असेल तर कंपनी रक्कम न्यायालयात भरू शकते. आधी वारसनोंदी पूर्ण करून घेतल्या तर पैसे अडकायचे नाहीत.

खुंट ठोकलेला दिसला की काय करायचं

१. नोटीस लेखी मागा. गट नंबर, लाइन किती केव्हीची आणि किती क्षेत्र बाधित, हे त्यात हवं.

२. ई-पीक पाहणी वेळेवर करा. विहीर, बोअर, फळझाडं यांची नोंद सातबाऱ्यावर आहे का बघा. नसेल तर तलाठ्याकडे अर्ज देऊन पोच घ्या.

३. काम सुरू व्हायच्या आधी रानाचे तारखेसह फोटो काढा.

४. पंचनामा वाचल्याशिवाय सही नको. झाडांची संख्या आणि वय, मोडलेला बांध, फुटलेली पाइप, सगळं त्यात लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही तर अजिबात नको.

५. रक्कम पटत नसेल तर पावतीवर "हरकत राखून स्वीकारली" असं लिहा.

६. पुढं दुरुस्तीला गाडी पिकातून आली तर त्या नुकसानीचीही भरपाई मागता येते. दर वेळी लेखी अर्ज द्या.

ठेकेदाराचा माणूस तोंडी आकडा सांगतो आणि काम झालं की दुसऱ्या तालुक्यात जातो. मग तो आकडा कोणी ओळखत नाही. एकट्यानं जाण्यापेक्षा लाइनखालच्या सगळ्या गटांतल्या शेतकऱ्यांनी मिळून एकच लेखी मागणी प्रांत कार्यालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी. तिची पोच जपून ठेवावी. तार एकदा ओढली की ती तिथंच राहणार आहे, म्हणून हिशोब ती ओढायच्या आधीच व्हायला हवा.