दाढ, सुई आणि राहेरीचा पूल

सबमिशनच्या आदल्या रात्री दाढ ठणकली तरी आपण लवंग चावतो, पण डेंटिस्टकडे जात नाही. आपली ही गत, तर सहा वर्षांच्या पोराचं काय?

दिवाळीत गावी, दुसरबीडला गेलो तर भाच्याचा गाल सुजलेला. ‘‘दुधाचीच दाढ, पडंल आपोआप,’’ इति आजी. पण दुधाच्या दाढा दहा-बाराव्या वर्षापर्यंत लागतात, आणि त्यांच्या मुळाशी पू झाला तर खालच्या नव्या दातालाही बाधू शकतो. खरी अडचण वेगळीच होती. आधी एका दवाखान्यात तिघांनी हातपाय धरून त्याला सुई दिलेली. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की पठ्ठ्या पसार. ‘‘मामा, म्या नाही येत!’’

ताईनं गळ घातली, म्हणून मी त्याला जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तोंड उघडायला न सांगता विचारलं, ‘‘तुला काय आवडतं रे?’’

‘‘यष्टी!’’

झालं! खुर्ची म्हणजे यष्टी, हा ड्रायव्हर. आरसा आधी दाखवला, हातात दिला, मग तोंडात घातला. (‘सांगा, दाखवा, करा’ ही १९५९ पासूनची पद्धत.) हिरडीला बधिर करणारं जेल लावलं.

‘‘दुसरबीडहून गाडी सुटली. आता काय लागंल?’’

‘‘राहेरीचा पूल!’’

‘‘पूल आला की दोन्ही पाय वर!’’

पाय वर गेले आणि मॅडमनी गाल हलवत सुई दिली. भुवया तेवढ्या आक्रसल्या. किनगावराजा, सिंदखेडराजा होईस्तोवर गाल बधिर!

मला ही नुसती फसवाफसवी वाटली होती. पण यात चक्क आपलं सर्किट निघालं. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. स्पर्शाचे जाड तंतू सेकंदाला ३० मीटरहून जास्त वेगानं संदेश नेतात. वेदनेचे सर्वांत बारीक तंतू जेमतेम एक-दोन मीटर. स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेचं फाटक अर्धवट लोटलं जातं. म्हणून गाल हलवायचा. शिवाय मेंदूही वरून हे फाटक लोटू शकतो. थांबे आठवण्यात, पाय उचलण्यात प्रोसेसर गुंतला की दुखण्याकडे लक्ष कमी. सिद्धांताच्या तपशिलात पुढं बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, गाभा टिकला. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हा आभासी बर्फाचा खेळ बनवला, तो याच लक्ष गुंतवण्याच्या तत्त्वावर. नुसतं कार्टून लावून देण्यापेक्षा पोराला कामाला लावलेलं बरं, असं माझं मत.

अर्थात हे भुलीच्या इंजेक्शनऐवजी नव्हे, त्याच्या जोडीला. आणि खोटं बोलायचं नाही. ‘सुई नाहीच’ असं मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत. ‘‘मुंगी चावल्यागत होईल. नको वाटलं तर डावा हात वर कर, मी थांबते,’’ म्हणाल्या. त्यानं एकदा हात वर केला, आणि त्या खरंच थांबल्या. आधीच्या ठिकाणी नेमकं हेच कोणी केलं नव्हतं.

परतताना खराखुरा राहेरीचा पूल आला, तर साहेबांनी दोन्ही पाय वर! शेजारच्या आजीबाई माझ्याकडेच बघत राहिल्या.