डाग, तोळा आणि गावाचा रकाना

कायद्यांची जुनी पुस्तकं चाळायचा मला नाद आहे, आणि त्यातही गहाणवटीची कलमं. या नादातच 1951 च्या मुंबई पोलीस अधिनियमातलं (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) एक कलम हाती लागलं. वस्तू गहाण ठेवून घेणारा, जुन्या मालाचा व्यापारी आणि धातूचं काम करणारा कारागीर, अशा तिघांना त्यानं एकाच ओळीत बसवलं आहे. चोरीच्या मालाचं वर्णन पोलिसांनी लेखी कळवलं आणि तसा माल दुकानात निघाला, किंवा कुणी तो घेऊन आला, तर लगेच ठाण्यावर खबर द्यायची. आणणाऱ्याचं नावगाव शोधून सांगायचं. न सांगितल्यास मूळ कायद्यात दर नगामागे पन्नास रुपयांपर्यंत दंड. खबर मिळूनही वस्तू वितळवली, तर त्यासाठी पुढचं कलम वेगळंच आहे.

मी अडकलो ते त्यातल्या सवलतीत. रोजच्या अंगावरच्या कपड्यासारखी, वर्णनावरून ओळखूच येणार नाही अशी वस्तू असेल, आणि ती लपवलेली नसेल, तर दुकानदार सुटतो. धोतर, लुगडं, घोंगडी हीसुद्धा गहाण पडतात, हे कलम लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. मला तेव्हापासून वाटत आलंय, की बोरमाळेच्या मण्याचं तरी दुसरं काय आहे? एका घरातला मणी दुसऱ्या घरातल्या मण्यासारखाच. मुशीत गेला की त्याला ना घर, ना गाव. त्याची ओळख उरते ती फक्त वहीत, आणि वही असते घेणाऱ्याकडे.

औशाच्या सराफ्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मृगाच्या आधी बी-खतासाठी डाग जातो, सोयाबीनचे पैसे हाती आले की दिवाळीच्या सुमारास सुटतो. पाऊस चुकला तर वर्षभर तिथेच. शेजारच्या कर्नाटकात गहाणवटीच्या दुकानांसाठी 1961 चा स्वतंत्र कायदा आहे. निलंग्याच्या पलीकडे बिदरकडे गेलं, की नियम बदलतो. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. गहाणवट सावकारीच्या कायद्यातच बसते. 1956 पर्यंत औसा आणि बिदर एकाच हैदराबाद राज्यात होते, म्हणून हा फरक मला जास्त टोचतो.

1875 चे सावकारांविरुद्धचे सुप्याचे दंगे आणि त्यामागून आलेला 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा वाचकांना ठाऊक असतील. त्या कायद्यानं दस्त सरकारी नोंदणीदारापुढे लिहायची सोय केली, पण ती इंग्रजी मुलखात. सोलापूरच्या हद्दीपलीकडे, निजामाच्या औशात, सावकारीचा कायदा यायला 1349 फसली उजाडलं, म्हणजे 1939-40. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ गहाणाची एक नोंद वाचायची म्हणजे चार कोडी सोडवायची. कचेरीची भाषा उर्दू, वहीची लिपी मोडी किंवा महाजनी, साल फसली. आणि रुपया कोणता? संस्थानाचा हाली रुपया वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. शंभर कलदाराला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली पडत. सरहद्दीच्या बाजारात दोन्ही नाणी फिरत. वहीत नुसतं 'रुपये शंभर' लिहिलं असेल, तर सोडवताना कोणते शंभर मोजायचे, हे लिहिणाराच ठरवणार.

वजनाचं तसंच. जुना तोळा बारा माशांचा, शहाण्णव गुंजांचा, म्हणजे 11.66 ग्रॅम. दशमान पद्धत आली आणि बाजारात दहा ग्रॅमलाही तोळाच म्हणू लागले. आजीनं पाच तोळे म्हणून ठेवलेला ऐवज नातीनं पाच तोळे म्हणून सोडवला, तर नाव तेच राहून आठ ग्रॅमहून जास्त सोनं कमी भरू शकतं. याला फसवणूक म्हणायलाही कुणाला सुचत नाही, इतकं ते शब्दातच मुरलेलं आहे. म्हणून पावतीवर तोळा हा शब्द नसावा, ग्रॅमच असावेत, असं माझं ठाम मत आहे. खड्याचं आणि लाखेचं वजन वेगळं लिहिलेलं हवं. सहा अक्षरांकांची हॉलमार्कची खूण नव्या दागिन्यावर असते, ती पावतीवर उतरवून घ्यावी. जुन्या डोरल्यावर अशी खूण कुठून असणार? तिथे वर्णनच नीट लिहायला हवं.

आजचा कायदा 2014 चा, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम. परवाना, हिशेबाच्या वह्या, कर्जदाराला हिशेबाचं पत्रक, चक्रवाढीला बंदी, मुद्दलापेक्षा जास्त व्याज नाही. शेतकऱ्याला तारणावर सालाना 9 टक्के, म्हणजे दरमहा शेकडा बारा आणे. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद. कागदावर हे सगळं चांगलंच आहे. पण त्या वह्यांची खरी परीक्षा झाली पुढच्याच वर्षी.

10 एप्रिल 2015 चा शासन निर्णय मी अनेकदा वाचला आहे. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी परवानाधारक सावकारांकडून घेतलेली, 30 नोव्हेंबर 2014 रोजी थकलेली कर्जं सरकार भरणार, आणि सावकारानं गहाण वस्तू परत करायच्या. अंदाज होता सुमारे 2 लाख 23 हजार शेतकऱ्यांचा आणि 171 कोटी रुपयांचा. भागाकार करून पाहिला, तर माणशी साडेसात हजारांच्या थोडं वर. त्या वेळच्या भावानं तीन ग्रॅम सोन्याच्या आसपास. कानातली जोडी, नाहीतर पोतीतले चार मणी. एवढ्यासाठी घरातली बाई सणाला रिकाम्या गळ्यानं वावरत होती.

मग अर्ज तपासायला घेतले आणि वह्या उघडल्या. परवान्यात सावकाराचं कार्यक्षेत्र लिहिलेलं असतं. त्याबाहेरच्या माणसाला दिलेलं कर्ज माफीत बसेना. औसा तालुक्याच्या दक्षिण टोकाला किल्लारी. त्या भागातल्या माणसाला उमरगा, लोहारा, निलंगा हे बाजारही आपलेच. तालुक्याची, जिल्ह्याची हद्द बघून कुणी बाजाराला जात नाही. सोनं ठेवणाऱ्या बाईला भिंतीवरच्या परवान्यावर कोणतं क्षेत्र लिहिलंय, हे कोण सांगणार होतं? क्षेत्र ओलांडलं परवानाधारकानं, नियम मोडला त्यानं, आणि डाग अडकला तिचा.

यातली मला सर्वांत झोंबणारी बाजू अशी. वहीत गाव खरं लिहिलं होतं, म्हणूनच कर्ज क्षेत्राबाहेरचं ठरलं. खोटं गाव लिहिलं असतं तर कदाचित निभावून गेलं असतं. फसवणूक रोखण्यासाठी आखलेला रकाना खरेपणानं भरला, आणि तोच त्या घराच्या आड आला. काही वर्षांनी सरकारनं ही अट शिथिल केली, हे बरंच झालं. पण मधल्या काळात किती मृग आणि किती दिवाळ्या गेल्या, हे ज्यांचा डाग तिजोरीत होता त्यांनी मोजलंय.

या दिवाळीतही लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांवर स्वस्तिक निघेल, हळदकुंकू वाहिलं जाईल. जुन्या वहीतल्या काही नोंदी तेव्हा नव्या वहीत उतरतील: नाव, गाव, डाग, वजन, बाकी.