खोटी चाहूल

जागलीला गेलेला माणूस एका आवाजाला उठत नाही. आलापल्लीकडच्या धानाच्या बांधीत मचाणावर बसलेला राखणदार पहिली खसफस ऐकून नुसता कान टवकारतो. दुसरी कुठून येते ते बघतो आणि तिसरी जवळ सरकली, तरच बॅटरी मारतो. हे काम कमी पल्ल्याच्या रडारकडे सोपवायचं, तर त्याला हीच सबुरी शिकवावी लागेल.

रडार हवंच कशाला? कॅमेरा ट्रॅप बहुधा उष्णतेच्या फरकावर चालतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात जमीनच जनावराइतकी तापते, मग तो फरकच उरत नाही. रडारला उन्हाचं काही वाटत नाही. त्याची दुखणी वेगळी आहेत.

पहिलं दुखणं जवळिकीचं. परत येणाऱ्या लहरीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. तेवढीच परावर्तक वस्तू २० मीटरवरून आणून २० सेंटिमीटरवर ठेवली, तर तिचा प्रतिध्वनी दहा कोटी पट मोठा होतो. म्हणून आवरणावरचा किडा, त्याच्या मागे आलेली पाल, पावसाची ओघळ, यांपुढे दूरचं चितळ लपून जातं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारच्या पडद्यावर असेच गूढ ठिपके दिसत. त्यांना ‘एंजल’ म्हणत. त्यांतले कित्येक पक्षी होते, हे लॅक आणि व्हार्ली या शास्त्रज्ञांनी १९४५ साली मांडलं.

स्वस्त रडार-सेन्सरची गोष्ट आणखी मजेशीर. तो अंतर मोजतच नाही, फक्त हालचाल मोजतो. त्यामुळे सिरोंचा रस्त्यावरचा लाकडाचा ट्रक आणि कुंपणापाशी आलेली बकरी त्याला एकसारखीच भासू शकतात. २४ गिगाहर्ट्‌झवर सेकंदाला एक मीटर वेग म्हणजे साधारण १६० कंपनं. आता जुन्या, चोकवाल्या ट्यूबलाइटमधला वायू सेकंदाला १०० वेळा कमीजास्त वाहक होतो आणि लहर तशी परतवतो. हिशेब केला तर ताशी सव्वादोन किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालणारा माणूस! पडवीत दिवा लागला आणि पाहुणा आला, असं यंत्र समजतं. बांबूच्या कोरड्या कुडातूनही लहरी आत जातात, तेव्हा घरात कुणी कूस बदलली तरी गजर होऊ शकतो. पत्र्याचं छप्पर तर आरसाच. खरी गाय अंगणात असते आणि तिची छाया पत्र्याच्या पलीकडे उभी दिसते.

पण खरी परीक्षा सागाची. २०१४ साली राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ ठरलेलं ‘वनवैभव’ हे सागाचं जंगल आलापल्लीचंच. इथलं सागाचं पान हातभर वाढतं. ते पावसाने भिजलं की लहर जोरात परतवतं आणि वाऱ्याने डोललं की जनावरासारखं हलतं. फरक एकच: पान पुढे जातं तेवढंच मागे येतं. जनावर वाट कापतं.

कुठल्या प्रतिध्वनीला ‘आहे’ म्हणायचं, हे उंबरठ्यावर, म्हणजे किमान ताकदीच्या मर्यादेवर ठरतं. फिन आणि जॉन्सन या संशोधकांनी १९६८ साली मांडलेली युक्ती आजही वापरात आहे. आजूबाजूच्या गोंगाटाची सरासरी काढायची आणि त्या प्रमाणात उंबरठा वर-खाली करायचा. सपाट माळावर ती छान चालते. पण बांधावर एका बाजूला मोकळं शेत, दुसऱ्या बाजूला गच्च साग. तिथे सरासरी दोन्हीकडची निघते, धड शेताची नाही आणि धड जंगलाची नाही. मग कडेचं झाड उगाच ओरडतं आणि नुकतंच बाहेर पडलेलं रानडुक्कर उंबरठ्याखाली दबून जातं. जनावर बाहेर पडतं ते नेमकं त्याच कडेला! माझ्या मते रडारचा सर्वांत गंभीर दोष हाच. किडे-पाली फडक्याने पुसता येतात.

उपाय राखणदाराचाच. पाच वेळा बघून तीनदा दिसलं आणि एकाच दिशेने सरकलं, तरच भोंगा वाजवायचा. थोडा उशीर होतो, पण रोज रात्री उगाच वाजणारा भोंगा गावकरी आठवड्यात बंद करून टाकतील.

तेव्हा असं यंत्र घेणाऱ्या ग्रामसभांना एक विनंती. विक्रेत्याला मोकळ्या मैदानातलं प्रात्यक्षिक दाखवू देऊ नका. त्याला बांधावर उभं करा. एकदा श्रावणात, पानं ओली असताना, आणि एकदा पानगळ झाल्यावर.