नवी स्पोर्ट्‌स कार: किंमत पत्र्यावर कमी, फायलीत जास्त

मावळात जमिनीला भाव आला तसं महागड्या गाड्यांचं अप्रूप कमी झालं. कामशेतहून नाणे मावळात शिरून वडिवळे धरणाकडे निघालं, की सुट्टीच्या दिवशी भाताच्या खाचरांमधल्या रस्त्यावरून एखादी बुटकी, दोन दारांची गाडी गतिरोधक बघून बिचकत जाताना दिसते. काही गाड्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या, काही इथल्याच. गाडी घ्यायची ऐपत आली, पण कर्ज किती काढावं, विमा कोणता घ्यावा आणि पुढे विकताना हातात काय पडेल, याबद्दलची माहिती बहुतेकदा ऐकीवच असते. ती तपासून बघू. हिशेबाला सोपं जावं म्हणून शोरूममधली किंमत ५० लाख रुपये धरू.

गैरसमज १: चांगली स्पोर्ट्‌स कार म्हणजे गुंतवणूकच.

वस्तुस्थिती: विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत शोरूमच्या किमतीतून ५ टक्के घसारा वजा होतो, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. म्हणजे चौथ्या वर्षात ५० लाखांची गाडी विम्याच्या हिशेबात ३० लाखांची उरते. बाजारात कमी-जास्त मिळेल, पण भरलेला रस्ता कर आणि विम्याचे हप्ते कुणी परत देत नाही.

काही गोष्टी तर मालकाच्या हातातच नसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि त्यावरचा उपकर जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी आला, म्हणजे एकूण कर घटला. नवी गाडी स्वस्त झाली की तिच्याच जुन्या भावंडाचा भाव आपोआप खाली येतो, मग जुनीला कितीही जपलेलं असो.

गैरसमज २: गाडी दुर्मीळ असेल तर भाव चढतोच.

वस्तुस्थिती: दुर्मीळ गाडीला भाव येतो तो तिचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात मिळत असतील तरच. याचा धडा मावळातच मिळाला. शेवरोले गाड्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये कारखान्यातलं उत्पादनही थांबलं आणि पुढे ह्युंदाईने तो विकत घेतला. कारखाना दाराशी असूनही शेवरोलेच्या मालकांना पुनर्विक्रीत फटका बसायचा तो बसलाच.

‘भारतीय सुपरकार’ म्हणून २०१२ च्या ऑटो एक्स्पोत झळकलेली डीसी अवंती तर खरोखर मोजक्या लोकांकडे आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी ती बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाला अटक केली. एकाच इंजिन आणि चॅसी क्रमांकावर एकाहून अधिक गाड्यांची नोंद झाली आणि त्यांवर कर्जं उचलली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. न्यायालयात काय ठरायचं ते ठरेल. घेणाऱ्याने मात्र गाडी ताब्यात घेण्याआधी चॅसीवर कोरलेला क्रमांक, बिलावरचा क्रमांक आणि परिवहनच्या पोर्टलवरची नोंद स्वतः जुळवून बघावी. पाच मिनिटांचं काम आहे.

गैरसमज ३: फर्मच्या नावावर किंवा बाहेरच्या राज्यात पासिंग केलं की कर वाचतो.

वस्तुस्थिती: महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के एकरकमी कर आहे. गाडी कंपनीच्या नावावर असेल किंवा आयात केलेली असेल, तर तो २० टक्क्यांवर जातो. कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना असला, तरी गोल्फ जीटीआय तयार होऊन येते ती जर्मनीतून. म्हणजे नाव ओळखीचं असलं तरी कर आयातीचाच. ५० लाखांवर १३ टक्के म्हणजे साडेसहा लाख आणि २० टक्के म्हणजे १० लाख. फर्मला घसाऱ्याची सवलत मिळते हे खरं, पण अशा गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट सर्वसाधारण व्यवसायाला मिळत नाही. सीएकडून दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून घ्यावा, मगच नाव ठरवावं.

बाहेरच्या पासिंगचं म्हणाल, तर गाडीची नोंद मालक राहतो किंवा व्यवसाय करतो त्या राज्यातच व्हावी असं मोटार वाहन कायदा सांगतो. मावळच्या माणसाची गाडी एमएच पासिंगचीच. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर नवी नोंदणी आणि इथला कर चुकत नाही.

बिलात दिसणारा एक टक्का टीसीएस मात्र वेगळा कर नव्हे. १० लाखांवरच्या गाडीवर तो कापला जातो आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो. ५० लाखांवर ते ५० हजार होतात. कित्येक जण ते मागायचं विसरतात.

गैरसमज ४: तात्पुरता नंबर आहे ना, पासिंग होईल सावकाश.

वस्तुस्थिती: १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या गाडीची कायमची नोंदणीच झालेली नव्हती. विजेवरची असल्याने तिला कर नव्हता. अडलं होतं ते १,७५८ रुपयांच्या शुल्कापाशी. कोटीच्या घरातली गाडी एवढ्या रकमेसाठी नोंदणीविना रस्त्यावर होती.

विम्याच्या दृष्टीनेही हा हलगर्जीपणा महागात पडतो. २०११ मध्ये पंजाबात घेतलेली एक गाडी तात्पुरती नोंदणी संपल्यावर काही दिवसांतच राजस्थानात जोधपूरला चोरीला गेली. नोंदणी नसताना गाडी बाहेर काढणं हाच विमा कराराचा मूलभूत भंग आहे, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मालकाचा दावा फेटाळला. विम्याचे पैसे भरले होते, तरीही.

गैरसमज ५: फुल इन्शुरन्स काढला की चिंता मिटली.

वस्तुस्थिती: साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मा घसारा कापला जातो आणि फायबरच्या भागांतून ३० टक्के. स्पोर्ट्‌स कारचा बंपर, स्प्लिटर, कडेची स्कर्ट हे सगळं त्यातच येतं. म्हणून ‘झिरो डेप’ हे घसारा न कापणारं जोड-कलम हवंच. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर टोटल लॉस धरतात. तेव्हा फक्त आयडीव्ही मिळते. भरलेल्या करासह बिलाची रक्कम हवी असेल तर ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जोड-कलम घ्यावं लागतं. ते गाडीच्या पहिल्या काही वर्षांतच मिळतं.

मावळात तिसरं कलम सर्वांत मोलाचं आहे, इंजिन संरक्षणाचं. बुटक्या गाडीचं हवा ओढणारं तोंडही खाली असतं. ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं असताना गाडी घातली आणि ती बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नये. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. ओढून नेणारी गाडी बोलवावी आणि आधी विमा कंपनीला कळवावं.

शर्यत आणि वेगचाचणी पॉलिसीच्या वापर-अटींतच वगळलेली असते. ट्रॅकवरच्या हौसेची भरपाई या विम्यातून मागता येत नाही.

गैरसमज ६: हप्ता जितका लहान तितकं कर्ज हलकं.

वस्तुस्थिती: ५० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ३,८०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १२.३ लाख. सात वर्षांसाठी काढलं तर हप्ता सुमारे ८०,४०० वर येतो, पण व्याज १७.६ लाखांवर जातं.

खरी अडचण पुढे आहे. सात वर्षांच्या कर्जात तीन वर्षांनी ३२.३ लाख रुपये मुद्दल बाकी असतं आणि चौथ्या वर्षाची आयडीव्ही असते ३० लाख. त्या वेळी गाडी टोटल लॉस झाली, तर विम्याचा पैसा आधी बँकेकडे जातो. गाडी गेलेली, खिशात काही नाही आणि वर सुमारे २.३ लाखांचं देणं शिल्लक. याउलट १० लाख आणि कर-विम्याचे पैसे स्वतःचे घालून ४० लाखच पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे ८३,००० पडतो आणि तीन वर्षांनी बाकी १८.२ लाख राहते. दोन्हीकडे हप्ता जवळपास तेवढाच. फरक सुरुवातीला घातलेल्या पैशाचा आणि मुदतीचा.

‘फ्लॅट’ दराला भुलू नये. ९ टक्के फ्लॅटने पाच वर्षांत ५० लाखांवर साडेबावीस लाख व्याज होतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर तो दर साडेपंधरा टक्क्यांहून जास्त पडतो. मुदतपूर्व फेडीच्या दंडाचंही आधी विचारावं. व्यक्तीच्या बिगरव्यावसायिक कर्जाचा दर बदलता असेल तर असा दंड लावता येत नाही, पण गाडीची बरीच कर्जं स्थिर दराची असतात.

गैरसमज ७: शेवटचा हप्ता गेला, गाडी आपली झाली.

वस्तुस्थिती: सोसायटीचं कर्ज फेडलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपण उतरवल्याशिवाय उतरत नाही, तसंच आरसीचं. बँकेची ना हरकत आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन कर्जाची नोंद काढावी लागते, विमा कंपनीकडेही ती बदलून घ्यावी लागते. विकताना उलटी काळजी. नाव ट्रान्सफर होईपर्यंत अपघाताची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्या मालकावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. किल्ली आणि कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या देऊन मोकळं होणं अंगाशी येतं.

गैरसमज ८: सिरॅमिक कोटिंग केलं की ओरखडा येत नाही.

वस्तुस्थिती: सिरॅमिकचा थर काही मायक्रॉनचाच. त्याने चमक राहते, चिखल लवकर सुटतो, पक्ष्यांच्या विष्ठेपासून थोडा बचाव होतो. ‘९ एच’ हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या मापातला आहे, दगडाच्या नव्हे. एक्स्प्रेस वेवर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेली खडी हा थर अडवत नाही. ती अडवते पीपीएफ, म्हणजे दीडशे-दोनशे मायक्रॉनची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. सगळ्या गाडीला परवडत नसेल तर बॉनेट, पुढचा बंपर, आरसे आणि मागच्या चाकांपुढचा भाग एवढं तरी करावं, तेही गाडी नवी असतानाच.

जुन्या गाड्यांचा जाणता दलाल गाडी बघायला येतो तेव्हा आधी बॉनेट, दारं आणि छतावर रंगाची जाडी मोजणारं एक छोटं मीटर टेकवत जातो. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एकाच दारावर ३०० च्या पुढे आकडा दिसला की तो डेंटिंग-पेंटिंग झालं असं समजतो आणि भाव पाडतो. पण वर फिल्म असली तरी आकडा तेवढाच वाढतो. तेव्हा फिल्मचं बिल आणि ती कोणत्या भागांवर लावली आहे त्याची यादी दाखवता आली नाही, तर जपणुकीसाठी केलेला खर्चच संशयाला कारण होतो.

गैरसमज ९: पावसाळाभर झाकून ठेवली की गाडी नव्यासारखी राहते.

वस्तुस्थिती: लोणावळ्याच्या बंगल्यांत जूनमध्ये झाकलेल्या गाड्या दसऱ्याला उघडल्या जातात. हवा न खेळणाऱ्या कव्हरखाली ओल कोंडते आणि आतल्या चामड्यावर बुरशी धरते. बॅटरी बसते, टायर एका जागी चपटे होतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल शोषतं. गोठ्याशेजारी, पेंढ्याजवळ गाडी लावली तर उंदीर वायरी कुरतडतात. पक्क्या छपराखाली, हवा खेळणारं कव्हर, बॅटरीला मेंटेनर आणि आठ-पंधरा दिवसांनी इंजिन पूर्ण तापेपर्यंत एक फेरी, एवढं पुरतं. किलोमीटर झाले नाहीत म्हणून वर्षाची सर्व्हिस टाळू नये. सर्व्हिसच्या कोऱ्या रकान्यांनी विकताना भाव उतरतो.

गैरसमज १०: एक्झॉस्ट, रिमॅपवर घातलेला खर्च विकताना वसूल होतो.

वस्तुस्थिती: इंजिनाचं रिमॅप केलं की कंपनी वॉरंटी नाकारू शकते आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आड येतो. आरसीवरच्या तपशिलात बदल होईल असं काही करायला कायद्याची मनाई आहे. पुढच्या गिऱ्हाइकाला तुमची हौस नको असते, कंपनीतून आलेली गाडी हवी असते. चाकं किंवा एक्झॉस्ट बदललंच, तर मूळ भाग गुंडाळून माळ्यावर ठेवावेत.

एक खर्च मात्र करण्याजोगा आहे, पुढचा ॲक्सल उचलण्याची सोय. प्रमाणित गतिरोधकसुद्धा १० सेंटिमीटर उंच असतो आणि अशा कित्येक गाड्यांचं पोट रस्त्यापासून ११ ते १३ सेंटिमीटरवर असतं. गावोगावचे गतिरोधक प्रमाणाचा विचार करून बांधलेले नसतात. खालून घासलेला पत्रा खरेदीदार गाडी रॅम्पवर चढवून बघतोच.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी शोरूमकडून ऑन रोड किमतीची फोड लेखी घ्या. निदान दोन बँकांकडून घटत्या शिलकीचा दर आणि मुदतपूर्व फेडीची अट लेखी घ्या. विमा शोरूममधूनच काढायची सक्ती नसते, तेव्हा वरच्या तिन्ही जोड-कलमांसह बाहेरूनही भाव मागवा. गाडी घरी आली की त्याच दिवशी एक फाईल करा: बिल, पासिंगची पावती, पॉलिसी, सर्व्हिसच्या नोंदी, फिल्मचं बिल, दोन्ही किल्ल्या कुठे आहेत त्याची चिठ्ठी. चार वर्षांनी दोन सारख्या गाड्या बाजारात उभ्या राहतील, तेव्हा ज्याच्याकडे ही फाईल असेल तो आपला भाव सांगेल. दुसऱ्याला मिळेल तो भाव घ्यावा लागेल.