सामायिक बिऱ्हाड आणि घरमालकाचा दंड

पोटासाठी परमुलखात गेलेल्या माणसाला प्रारंभी बहुधा इतरांसह वाटून घेतलेल्या जागेतच आसरा मिळतो. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गोवेकर खलाशांचे ‘कूड’ निघाले, ते याच गरजेतून. अलीकडे गोव्यातील पुष्कळ कुटुंबे पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडात, विशेषतः स्विंडन येथे, जाऊन राहिली आहेत. तेव्हा अशा बिऱ्हाडांविषयी इंग्लंडचा कायदा काय सांगतो, हे आज पाहू.

२००४ च्या गृहनिर्माण कायद्याखाली, निरनिराळ्या कुटुंबांतील पाच किंवा अधिक माणसे एका घरात राहून स्वयंपाकघर, न्हाणीघर वा शौचकूप सामायिक वापरीत असतील, तर मालकास स्थानिक नगरपरिषदेचा परवाना घ्यावा लागतो. २०१८ पूर्वी ही सक्ती तीन वा अधिक मजल्यांच्या घरांपुरतीच होती. परवान्याच्या अटींनुसार, दहा वर्षांवरील एका माणसास निजावयाची खोली किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७० चौरस फूट असावी. अशा दोघांसाठी १०.२२ चौरस मीटर. आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणे व व्यवस्थापकाचे नाव आणि पत्ता दर्शनी जागी लावणे, हेही बंधनकारक आहे.

हे नियम मोडणाऱ्यास दोन प्रकारे शासन होते. नगरपरिषद खटला भरू शकते. तेथे दंडास कमाल मर्यादा नाही. अथवा खटल्याऐवजी ती स्वतःच दंड बसवू शकते. २०१६ च्या कायद्याने या दंडाची मर्यादा ३०,००० पौंड ठरविली; २०२५ च्या कायद्याने ती ४०,००० पौंड करण्याची तरतूद केली.

तथापि या दंडातून भाडेकरूच्या हाती काही पडत नाही. त्यासाठी भाडे-परताव्याचा उपाय निराळा आहे. घराला परवानाच नसेल, अथवा मालकाने छळ करून बाहेर काढले असेल, तर भाडेकरू स्वतः न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो. एक वर्षापर्यंतचे भाडे परत देण्याची ही मर्यादा २०२५ च्या कायद्याने दोन वर्षांवर नेली आहे. केवळ अस्वच्छता वा दुरुस्तीतील हयगय यासाठी मात्र हा उपाय लागू नाही.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पुष्कळदा आपलाच एखादा गाववाला सबंध घर भाड्याने घेऊन त्यातील खाटा इतरांस देतो. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की परताव्याचा हुकूम भाडेकरूच्या प्रत्यक्ष घरमालकाविरुद्धच होऊ शकतो, त्याच्या वरच्या मालकाविरुद्ध नव्हे. पुढे २०२५ च्या कायद्याने वरच्या मालकाविरुद्धही असा हुकूम करण्याची तरतूद केली; तरी परताव्याचा बोजा या गाववाल्यावरही पडू शकतो. उपकार म्हणून खाट देणाऱ्यानेही परवान्याची चौकशी आधीच करावी.

परवाना नसणे हा तेथे राहणाऱ्याचा गुन्हा नव्हे. तेव्हा भीतीपोटी मुकाट्याने सोसण्याचे कारण नाही. मात्र आपण होऊन भाडे थकवू नये. प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी आणि जपून ठेवावी. कारण प्रत्यक्ष भरल्याचे दाखविता येईल, तेवढेच भाडे परत मागता येते.